मागं उभे राहणाऱ्यांचं काय?

एकटा माणूस पटावर जे काही करतो त्याला खेळ म्हणायचं का टाइमपास, यावरून गेल्या रविवारी आमच्या कट्ट्यावर जुंपली. मे महिना, त्यामुळे दिवस मावळल्याशिवाय घराबाहेर पडायची सोय नाही. सोलापूरच्या पार्क चौकात भेळ खाऊन सगळे कट्ट्यावर येतात तेव्हाही दगड तापलेलाच असतो, खाली पुठ्ठा घालून बसावं लागतं.

विषय काढला अमोलने. तो पुण्यात कॉम्प्युटरवाल्या कंपनीत आहे. सुट्टीला आला की पिशवीत एकदोन खेळांचे डबे घेऊन येतो. आमच्या लहानपणी बैठा खेळ म्हणजे कॅरम, व्यापार, सापशिडी आणि पत्ते. त्यावर किती जणांनी खेळायचं हे कुणी लिहून ठेवत नव्हतं. त्याच्या डब्यांवर मात्र छापलेलंच असतं: किती जण, किती मिनिटं, किती वयाच्या पुढं. आणि आता बऱ्याच डब्यांवरचा आकडा एकपासून सुरू होतो.

"एकपासून म्हणजे?" मल्लूने विचारलं.

"म्हणजे एकट्यानं खेळायचा. हा बघ, हा तर फक्त एकट्याचाच आहे. दुसऱ्याला जागाच नाही."

"मग जिंकलास तर हरलं कोण बे?"

मल्लू मार्केट यार्डात कांद्याच्या आडतीवर असतो. समोर गिऱ्हाईक नाही आणि व्यवहार झाला, ही गोष्ट त्याच्या डोक्यात बसणं अवघड.

अमोलच्या हातात होता तो 'फ्रायडे'. फ्रीडमान फ्रीजे नावाच्या जर्मन माणसाने २०११ मध्ये काढलेला पत्त्यांचा खेळ. बेटावर अडकलेल्या रॉबिन्सनला आपण शहाणा करायचं आणि शेवटी दोन चाच्यांशी भिडवायचं. सुरुवातीला रॉबिन्सन अगदीच बावळट असतो, म्हणजे हातातली बहुतेक पानं कुचकामी. आता यातली गंमत अशी की एखाद्या संकटात हरलात तर जीव खर्ची पडतो, पण त्या बदल्यात हातातली वाईट पानं कायमची काढून टाकता येतात. त्यामुळे सुरुवातीला काही लढाया मुद्दाम हरायच्या. किती हरायच्या, हाच सगळा खेळ. कमी हरलात तर कचरा हातात राहतो, जास्त हरलात तर रॉबिन्सन चाचे दिसायच्या आधीच संपतो. वरून पानांचा गठ्ठा संपून पुन्हा पिसला की दर वेळी म्हातारपणाचं एक पान आत शिरतं. ते बहुतेक आपल्या मुळावरच येणारं.

"हे मात्र खरंय," काका म्हणाले. काका बँकेतून रिटायर झालेत. कट्ट्यावर सगळ्यांत मोठे, पण निकाल देण्यापेक्षा काडी टाकण्यातच त्यांना रस जास्त.

इरफान म्हणाला, "पण हे मोबाइलवर पण होतं की. मग एवढे पत्ते मांडायचे, पिसायचे, परत भरायचे कशाला?"

"मोबाइलवर नियम मशीन पाळतं. इथं मला पाळावे लागतात. फसवायचं म्हटलं तर कोण बघायलंय?"

"मग फसवतोस का नाही?"

अमोल गप्प बसला. आम्ही काय ते समजलो.

मला विचाराल तर एकट्याच्या खेळाची खरी बाजू इथंच होती आणि अमोलने ती नीट मांडली नाही. आमच्याकडे ब्रेनविटा म्हणून जो गोट्यांचा पट मिळायचा, तेहतीस खळग्यांचा आणि बत्तीस गोट्यांचा, तो आठवा. एका गोटीवरून दुसरी उडवायची, उडवलेली बाहेर काढायची, शेवटी मधोमध एकच उरली पाहिजे. सलग उड्या एकच चाल धरली तर अठरा चालींत सुटतो आणि हे १९१२ पासून माहीत आहे. म्हणजे उत्तर ठरलेलं. एकदा सापडलं की पट माळ्यावर जातो. मी त्याला खेळ नाही, कोडं म्हणेन. फ्रायडेमध्ये पानं पिसली जातात, डाव दर वेळी वेगळा पडतो, पट उलटून अंगावर येतो. एकट्यानं खेळायचं असेल तर समोरून एवढा तरी विरोध हवा.

श्रीनिवासला हे पटलं नाही. तो पूर्व भागातला, घरात तेलुगू. "आमची अव्वा, म्हणजे आजी, विड्या वळून झाल्यावर वामन गुंटलु खेळायची. दोन ओळींत सात-सात खळगे, चिंचोके घेऊन. समोर कुणी ना कुणी शेजारीण असायचीच. एकटीनं खेळताना मी तिला कधी बघितलं नाही. दुपारी पुली-मेका मांडायचो ते पण दोघांत. फरशीवर खडूनं त्रिकोण काढायचा, तीन वाघ, पंधरा शेळ्या. वाघ उडी मारून शेळी खातो, शेळ्यांनी मिळून वाघाला कोंडायचं."

"तो तू एकट्यानं खेळून बघितलास का? दोन्ही बाजूंनी?" अमोलने विचारलं.

"बघितला. मला शेळ्यांची बाजू आवडायची, म्हणून वाघ नेमका चुकीची उडी मारायचा."

यावर काकांनी काडी टाकली. मद्रासला बदली होती तेव्हा त्यांनी तिकडं याच खळग्यांच्या खेळाचा भाऊ बघितला होता, पल्लांगुळी. "त्यात एक प्रकार एकटीनं खेळायचा आहे. सीता पांडी म्हणतात. अशोकवनात सीतेला सोबत कुणी नव्हतं, तेव्हा ती हा खेळायची, असं तिकडच्या बायका सांगतात."

अमोल उठूनच उभा राहिला. "बघा! सीतामाईपासून चालत आलंय, आणि तुम्ही मला टाइमपास म्हणता."

"अरे पण ती कोंडलेली होती बे," श्रीनिवास म्हणाला. "सुटल्यावर खेळली का?"

हा टोला इतका नेमका बसला की मल्लूने चहा सांगितला. मल्लूने स्वतःहून चहा सांगणं ही आमच्याकडे नोंद करून ठेवायची गोष्ट.

चहा येईपर्यंत गेल्या दिवाळीचा विषय निघालाच. तेव्हा अमोलने 'पँडेमिक' आणला होता. मॅट लीकॉकचा, २००८ चा, म्हणजे कोरोनाच्या खूप आधीचा. जगाच्या नकाशावर अठ्ठेचाळीस शहरं, चार रोग, आणि सगळ्यांनी मिळून चारही औषधं शोधायची. एकमेकांविरुद्ध कुणी नाही. जिंकले तर सगळे, बुडाले तर सगळे. आपल्याकडची चार शहरं आहेत: मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई. सोलापूर का नाही, यावर मल्लूने पहिला अर्धा तास घालवला होता.

"चौघांनी मिळून खेळायचा म्हणे," इरफान म्हणाला. "खेळला एकटा अमोल. मी मुंबईला जायचं, श्रीन्यानं दिल्लीला, मल्लूनं पान मला द्यायचं, सगळं हाच सांगायला. आम्ही फक्त ह्याची बोटं होतो."

अमोलने हे नाकारलं नाही. म्हणाला, या खेळांचा हा जुना रोगच आहे. सगळ्यांची पानं सगळ्यांना दिसली की ज्याला जास्त कळतं तो सगळ्यांचे डाव खेळायला लागतो. त्याच्या मते 'स्पिरिट आयलंड'मध्ये हे कमी होतं. तो एरिक रॉइसचा, २०१७ चा. त्यात खेळणारे बेटाचे आत्मे असतात आणि बाहेरून येऊन वसाहत करणाऱ्यांना हुसकून लावायचं असतं. प्रत्येक आत्म्याची ताकद इतकी निराळी आणि हातातली पानं इतकी गुंत्याची की दुसऱ्याच्या डावात नाक खुपसायला फुरसतच मिळत नाही. आणि तोच खेळ एकट्यालाही चालतो.

"म्हणजे चौघं बसायचे आणि चौघं आपापलं बघायचे," काका म्हणाले. "असं तर बँकेतपण बसायचो."

माझं मत सांगतो. मिळून खेळायचे बहुतेक खेळ हे मुळात एकट्याचेच असतात, फक्त खुर्च्या जास्त मांडलेल्या असतात. एकाच माणसाने चारही डाव खेळले तरी पँडेमिकमध्ये काही अडत नाही. कितीतरी लोक घरी दोन भूमिका स्वतःच घेऊन तो खेळतात. आता कटान घ्या, मालाच्या पत्त्यांची अदलाबदल करून रस्ते आणि वस्त्या बांधायचा खेळ. क्लाउस टॉयबरचा, १९९५ चा. तो एकट्यानं खेळूनच दाखवा. विटा तुझ्याकडे, लाकूड माझ्याकडे, रस्ता दोघांना बांधायचाय. समोर माणूस नसेल तर सौदा कुणाशी करणार?

आणि समोर मल्लू असेल तर काय होतं ते आम्ही बघितलंय. त्याने सगळ्या विटा दाबून धरल्या होत्या. कुणी दोन मेंढ्या देतो म्हणालं तरी नाही, गहू देतो म्हणालं तरी नाही, नुसता मान हलवायचा. यार्डात भाव चढायची वाट बघतात तसा तोंड बंद करून बसला होता. शेवटी त्याच्या हातात नऊ पत्ते झाले आणि इरफानने फासे टाकले, सात. सात आला की सातापेक्षा जास्त पत्ते ज्याच्याकडे असतील त्याने निम्मे टाकायचे. नवाचे चार गेले. मल्लू कुठले चार टाकू म्हणून बोटं फिरवत बसला आणि मागं उभ्या असलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रसवंतीवाल्याचा पोरगा, ज्याला कटान म्हणजे काय तेही माहीत नव्हतं, तोसुद्धा वाजवत होता.

मला त्या दिवसापासून एक गोष्ट खटकायला लागली ती हीच. डब्यावर लिहितात तीन ते चार. मागं उभे होते सात-आठ. त्यांना कुठं मोजायचं?

त्याच डावात श्रीनिवासच्या घरून फोन आला, पाणी आलंय. सोलापुरात नळाला पाणी आलं म्हटल्यावर कुणी कुणाला थांब म्हणत नाही. तो पत्ते टाकून पळाला, त्याच्या जागी काका बसले, आणि काकांनी चांगुलपणात सगळा गहू मल्लूला देऊन टाकला. डाव तिथंच संपला. अमोल चिडून म्हणाला होता, म्हणूनच मी एकट्याचे खेळ घेतो, पाण्यावर अवलंबून नसतात.

पण हेच कॅरमला होऊ दे. चौघं बसलेत, एकाच्या घरी पाणी आलं, तो उठला. त्याच्या मागं जो उभा होता तो बसला, स्ट्रायकर सरकवला, खेळ चालू. त्याला काही समजावून सांगायला लागत नाही, कारण तो मघापासून खेळतच होता. "कट मार, कट", "रिबाउंड घे", "राणी आधी काढू नको, कव्हर कशानं करशील?" हे सगळं तोच म्हणत होता. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी, आणि राणी घेतल्यावर लगेच आपली सोंगटी घालून ती कव्हर केली नाही तर परत मधोमध. हा नियम मला वाटतं मागं उभे राहणाऱ्यांसाठीच केलाय. राणी पडल्यावर कव्हर होईपर्यंत जो श्वास रोखला जातो, तो काय फक्त चौघांचा असतो?

अमोल म्हणाला, "कॅरमची प्रॅक्टिस लोक एकट्यानंच करतात. तासन् तास."

"करतात. पण ते कॅरम खेळतात असं कुणी म्हणत नाही. हात बसवतात म्हणतात," इरफान म्हणाला. तो स्वतः तालमीजवळच्या क्लबात लवकर जाऊन एकट्याने बोर्ड मारतो, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. "एकटा असताना मला थंब शॉट दहातला आठ वेळा लागतो. इथं मागून मल्लू बोलायला लागला की चार."

"मग खरा आकडा कुठला बे? आठ का चार?" मल्लूने विचारलं.

इरफानने त्याला उत्तर दिलं नाही.

शेवटी अमोलने हट्टाने फ्रायडे तिथंच मांडला. एकट्याचा खेळ कसा रंगतो ते तुम्ही फक्त बघा, म्हणाला. पहिल्या संकटात तो मुद्दाम हरला, दोन वाईट पानं काढली, सगळं शांत होतं. दुसऱ्याला श्रीनिवास म्हणाला, "अजून एक पान ओढ की." तिसऱ्याला काका चष्मा लावून पान वाचायला लागले. चौथ्याला मल्लूने वरून हात घालून पान स्वतःच ओढलं, ते भलतंच निघालं, रॉबिन्सनचा निम्मा जीव गेला, आणि मग ते पान मोजायचं का नाही यावर दोन तट पडले. इरफानचं म्हणणं, हात मल्लूचा होता, मोजायचं नाही. काकांचं म्हणणं, पान पडलं ते पडलं.

"अरे, हा एकट्याचा खेळ आहे!" अमोल ओरडला.

"मग घरी खेळायचा होतास," श्रीनिवास म्हणाला.

रॉबिन्सन पहिल्या चाच्यापर्यंतही पोचला नाही. त्याला बुडवलं कोणी यावर अजून एकमत झालेलं नाही. मल्लू म्हणतो म्हातारपणाच्या पानाने. पण अमोल पुण्याला जाताना तो डबा मल्लूकडेच ठेवून गेलाय आणि काल आडतीवर दुपारी गिऱ्हाईक नसताना मल्लू टेबलावर एकटाच पानं पिसत बसला होता, ही बातमी इरफानने आणलीय. मल्लू म्हणतो, हमालांपैकी दोघं बघायला होते, त्यामुळे एकट्यानं खेळलो असं कुणी म्हणायचं नाही.