‘दीक्षा अ‍ॅप घेतलं की पोलीस फोन वाचतात’ हे खरं नाही

सोलापुरातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतंय: प्रशिक्षणासाठी दीक्षा अ‍ॅप घेतलं की डिलीट केलेले मेसेजही पोलिसांना दिसतात. साफ चूक. दीक्षा हे शिक्षक-विद्यार्थ्यांसाठीचं सरकारी अ‍ॅप, २०१७ पासून आहे. कॅमेरा मागतं ते बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड वाचायला. पोलीस पुराव्यासाठी फोनमधला डेटा काढतात ती फॉरेन्सिक तपासणी निराळी. तिथे बहुधा फोनच हातात लागतो: जप्ती, पंचनामा, नेटवर्क तोडणं, मग डेटाची प्रत आणि तिची हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या डेटावरून गणिताने काढलेला, बोटाच्या ठशासारखा ओळख-कोड. एक अक्षर बदललं तरी हॅश बदलते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, कलम ६३ च्या प्रमाणपत्रात (डिजिटल पुरावा कोर्टात देताना जोडतात ते), ही हॅश नोंदवावी लागते. डिलीट केलेलं कधी मिळतं, कधी नाही. घाबरून अ‍ॅप काढलेल्या गुरुजींनी ते परत घ्यावं. कोर्स अर्धाच राहिलाय.