कृश काळातही न आटणारं दूध

दादा, दुधात भेसळ कुठे होऊ शकते याचा अंदाज आधीच बांधावा, असं मी मागे लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'मी पंधरा वर्षं डेअरीला दूध घालतोय. भेसळीच्या जोखमीचा अंदाज बांधणं हा कागदी खेळ आहे, त्यात शेवटी शेतकरीच चोर ठरतो. तपासण्या वाढवा, सापडेल त्याला आत टाका,' असं तुम्ही लिहिलंत.

आधी माझी चूक. 'भेसळ गोठ्यापासून सुरू होते' हे वाक्य मी लिहायलाच नको होतं. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०१८ च्या देशव्यापी पाहणीत दुधाच्या ६,४३२ नमुन्यांपैकी भेसळीमुळे असुरक्षित ठरले फक्त १२. ते वाक्य काढून टाकलंय.

तपासण्यांचं मात्र पटत नाही. २००८ साली चीनमध्ये मेलामाइन हे प्लॅस्टिकसाठी वापरायचं रसायन मिसळलेल्या दूधभुकटीनं सहा बाळं गेली, तीन लाखांच्या आसपास आजारी पडली. ते दूध तपासून घेतलेलंच होतं. प्रथिनांच्या नावाखाली तिथे नायट्रोजन मोजत, आणि मेलामाइनचं दोन तृतीयांश वजन नायट्रोजनचंच. पाणी घातलेलं दूध मेलामाइन मिसळलं की पास व्हायचं. मेलामाइन आहे का, हे कुणी बघतच नव्हतं. आपल्याकडे पाणी घालून पडलेली डिग्री (लॅक्टोमीटरवरचा दुधाच्या दाटपणाचा आकडा) युरियानं वर आणतात, तो प्रकारही याच जातीचा.

म्हणून मी म्हणतो, यंत्राच्या आधी वही बघा. एका चिलिंग सेंटरवर (गावोगावचं दूध गोळा करून थंड ठेवतात तिथे) मी तीन वर्षं आवक लिहायचो. कृश काळात, म्हणजे उन्हाळ्यात, सगळ्यांचं दूध आटतं. जानेवारीत ४० लिटर घालणारा मे महिन्यात २५-२८ वर येतो. एका रूटची गाडी मात्र भर उन्हाळ्यातही तेवढेच कॅन उतरवायची. फॅट ३.५, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ८.५ टक्के, रोज. इतकं एकसारखं दूध कुठली गाय देते? नमुने पास होते, त्यामुळे कुणी विचारलं नाही. मी त्या आकड्याभोवती पेन्सिलनं गोल केला, तर साहेबांनी तो खोडायला लावला. मी खोडला. ते अजून सलतं.

जोखीम शोधणं म्हणजे मला एवढंच म्हणायचंय. दूध कमी पडत असताना ठरलेला पुरवठा कुणाला करावाच लागतो? गोठा ते सेंटर या वाटेत कॅन कुठे उघडता येतो? एसएनएफ जरा खाली आला की भाव कापतात, तेव्हा तो वाढवून दाखवण्याचा मोह कुणाला होतो? ही उत्तरं हातात असली तर गाडीला सील लावता येतं, त्या रूटवरच्या गाई मोजून आवकेशी ताळा घालता येतो आणि नमुनेही नेमके तिथलेच घेता येतात. यात पहिला फायदा तुमचाच आहे. तुमचं चोख दूध दुसऱ्याच्या पाण्यात मिसळलं, तर दोष कुणाचा हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.

तुमच्या डेअरीत सॅम्पल तुमच्यासमोर काढतात का? फॅट-एसएनएफची पावती तिथल्या तिथे मिळते का? सवडीनं कळवा.