मरळ बुडून मरते!

"पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला तरच मरळ वर येऊन हवा घेते" हे मरळ माशावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. मोठ्या मरळीला हवा घ्यावीच लागते, पाणी कितीही स्वच्छ असो. तिचे कल्ले एकटे पुरे पडत नाहीत. कल्ल्यांच्या वर डोक्यात एक पोकळी असते, तिचं रक्तवाहिन्यांनी भरलेलं अस्तर फुप्फुसाचं काम करतं. लहानपणी आम्ही एक मरळ जाळीच्या पिशवीत घालून रात्रभर तळ्यात खोल बांधून ठेवली होती. सकाळी ती मेलेली, आणि त्याच पिशवीतला रोहू मात्र टुणटुणीत! मासा बुडून मरतो हे तेव्हा कुणालाच पटलं नव्हतं.

आणि तिला नुसती 'खादाड शिकारी' म्हणून सोडून दिलंत, हे जरा अन्यायाचं झालं. नर-मादी पिल्लांची राखण करतात. पाण्यावर नारिंगी-लाल पिल्लांचा थवा बुडबुडताना दिसला, की खाली आईबाप आहेत असं समजावं. तिथे हात घालून बघा, म्हणजे कळेल. (पुढे पिल्लं लहानमोठी झाली की एकमेकांनाच गिळतात, ते वेगळं.)