गीता नसली तरी शपथ शपथच

इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘कोर्टात गीतेवर हात ठेवला नाही तर शपथ लागू होत नाही, मग खोटं बोललं तरी गुन्हा नाही.’ रामबागेतल्या एका काकांनी तर येत्या साक्षीसाठी तोच आधार धरलाय, म्हणून हा खुलासा.

गीतेवरचा हात हा मुख्यतः सिनेमातला. शपथेचा कायदा १९६९ चा आहे. त्यात ईश्वराच्या नावाने शपथ घ्या किंवा नुसती सत्यप्रतिज्ञा करा, दोन्ही चालतं. ग्रंथाची अट नाही. शपथ द्यायची राहून गेली किंवा तिच्यात काही चूक झाली, तरी साक्ष बाद होत नाही आणि खरं बोलण्याचं बंधन सुटत नाही (कलम ७ आणि ८). बारा वर्षांखालच्या मुलाला शपथेचा अर्थ कळत नसेल, पण खरं बोलायचं एवढं कळत असेल, तर त्याची साक्ष शपथेविनाही घेता येते.

शिक्षा? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२९ आहे: न्यायालयीन कामकाजात जाणूनबुजून खोटी साक्ष दिल्यास सात वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. प्रतिज्ञापत्रातलं खोटंही सुटत नाही. ‘जाणूनबुजून’ मात्र महत्त्वाचं. तारीख प्रामाणिकपणे चुकली तर तो गुन्हा नव्हे. पण माहीत नसताना ‘मला पक्कं माहीत आहे’ म्हणणं हीसुद्धा खोटी साक्षच.

काका, आठवत नसेल तर सरळ ‘आठवत नाही’ म्हणा.