रुतलेली स्नोमोबाइल: ‘पूर्ण थ्रॉटल द्या’ या सल्ल्याबाबत खुलासा
कॅनडातील ब्रिटिश कोलंबियासारख्या डोंगराळ भागात स्नोमोबाइलवरून, म्हणजे पुढे दोन स्की (घसरपट्ट्या) आणि मागे फिरणारा रबरी पट्टा असलेल्या बर्फावरच्या मोटारगाडीवरून, एकट्याने जाणाऱ्यांसाठी ‘स्नोमोबाइल रुतली की पूर्ण थ्रॉटल द्या, ती आपोआप बाहेर येते’ असा सल्ला फिरत आहे. थ्रॉटल म्हणजे इंजिनाचा वेग वाढवणारी कळ. हा सल्ला चुकीचा आहे. भुसभुशीत बर्फात पट्टा जागीच फिरू लागला की तो स्वतःखाली खड्डा खणत जातो, मागची बाजू खचते आणि 200 किलोंहून अधिक वजनाचे ते धूड पोटावर टेकते. म्हणून आधी इंजिन बंद करावे. फावड्याने स्कींपुढचा, पाय ठेवण्याच्या पट्ट्यांवरचा आणि पोटाखालचा बर्फ काढावा, गाडी कुशीवर कलंडवून खालचा खड्डा भरावा आणि पुढची दोन-तीन मीटर वाट पायांनी तुडवून घ्यावी. तुडवलेल्या बर्फाचे कण काही मिनिटांत एकमेकांना चिकटून घट्ट होतात. नेमकी हीच मिनिटे अनेकांना वाया गेल्यासारखी वाटतात आणि मग सगळी खणाखणी नव्याने करावी लागते. त्यानंतर शक्यतो उताराच्या दिशेने, बेताच्या थ्रॉटलने गाडी काढावी. बाजूला उभे राहून थ्रॉटल दाबायचा असेल, तर इंजिन बंद करणारी सुरक्षा-दोरी अंगावरच्या कपड्यांना अडकवलेली असावी, अन्यथा सुटलेली गाडी मालकाला मागे ठेवून निघून जाते.