कचऱ्याचं पोस्टर: पालकांसाठी काही सूचना

रात्री पावणेदहाला वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज पडतो: 'उद्या ओला-सुका कचरा यावर पोस्टर आणणे. फुल साइज. सुबक असावे.' खाली लगेच चाळीस अंगठे. अंगठेबहाद्दर कुठले! एकजण विचारेल की उद्या म्हणजे उद्याच का, तर शपथ. असो. अंगठा उमटवून झाला असेल तर कामाला लागू.

सगळ्यात आधी मुलाला झोपवा. त्याच्या हाती खडू दिलात तर तो जे दिसतं तेच काढेल, आणि त्याला रोज दिसते ती तुमच्या ओट्याखालची बादली. एवढी जोखीम कशाला?

कार्डशीट २२ बाय २८ इंचांची, एक पुरते. तुम्ही तीन आणा, कारण दोन शीर्षकातच जाणार आहेत. शीर्षक डाव्या कडेपासून, काही न आखता, थेट मार्करने सुरू करावं. 'कचरा वर्गी' इथवर अक्षरं ऐटीत येतात, 'क' अंग चोरून बसतो आणि 'रण' कडेने खाली उतरतं. 'कचरा वर्गीकरण' ही आठ अक्षरं, मधली मोकळी जागा धरून नऊ घरं, म्हणजे पाचव्या घरातला 'व' शीटच्या मध्यावर येतो. आडव्या शीटला दोन्हीकडे इंचभर समास सोडला तरी प्रत्येक घराला जवळजवळ तीन इंच मिळतात. पण एवढं मोजत बसायला आपण काय रिकामटेकडे आहोत?

घोषवाक्य पिवळ्या स्केचपेनने लिहावं. वाचलं जाण्याची भीती राहत नाही.

पृथ्वी रडलीच पाहिजे.

चिकटवाचिकटवी करताना फेव्हिकॉल पाणी घालून सगळीकडे फासा, शीट पापडासारखी फुगेल. (कडांना पातळ लावून वर अर्धा तास जाड पुस्तकं ठेवली तर सपाट राहते, पण मग पुस्तकं शोधावी लागतात.) 'प्रत्यक्ष नमुना' म्हणून केळ्याची साल लावायला विसरू नका. दोन दिवसांत ती काळी पडते आणि वर्गात मुंग्यांचा प्रकल्प फुकट होतो. धुऊन वाळवलेली अंड्याची टरफलं टिकतात, म्हणून ती टाळा. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे दुकानदाराकडे हळू आवाजात मागा. शेवटी भरपूर चमकी भुरभुरवून लॅमिनेशन करून घ्या. कागदाला प्लॅस्टिक चिकटलं की लगदा करताना ते सुटं होत नाही, म्हणून भंगारवाला अशा कागदाला हात लावत नाही. कचरा कमी करा असं सांगणारा हा कचरा मग दीर्घायुषी होतो.

आता बादल्या. हिरवी आणि निळी, दोघींना डोळे आणि हसू. हिरवीत अर्धं खाल्लेलं सफरचंद आणि माशाचा सांगाडा काढा, घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलं तरीही. चहाचा चोथा, कोथिंबिरीच्या काड्या, शेंगांची टरफलं, देवाचं निर्माल्य हे असलं मराठी घरातलं काही दिसता कामा नये.

आणि तिसरं काही काढूच नका. डायपर आणि सॅनिटरी पॅड मुलांच्या चित्रात कसे चालतील? शोभतं का ते? पोस्टरवर शोभत नाहीत, म्हणून ते प्रत्यक्षातही कुठल्याच बादलीतले नसतात. काळ्या पिशवीत, उरलेल्या आमटीत, गाठ मारून दारात ठेवलेले असतात. ती गाठ सोडतं कोण? पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक ताई दारोदार फिरून कचरा घेतात आणि हातांनी निवडतात. हातांनी! सुका कचरा विकून मिळतं ते त्यांचं. आमटीत भिजलेल्या पुठ्ठ्याला कोण भाव देणार? आणि त्याच पिशवीत तुम्ही दाढीचं पातं टाकता, फुटलेला काचेचा ग्लास टाकता, इन्सुलिनची सुई टाकता. पॅड आणि डायपर गुंडाळून द्यायचे हे २०१६च्या घनकचरा नियमांपासून लिहिलेलं आहे. पुण्यात त्या पुडीवर लाल ठिपका काढा म्हणून वर्षानुवर्षं सांगतायत. जुना वर्तमानपत्राचा कागद आणि एक ठिपका. तेवढाही होत नाही, आणि पृथ्वीचे अश्रू मात्र चमकीने रंगवायचे!

जाऊ द्या, उपरोध बास. पोस्टर मुलाला करू द्या. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं जोडली की झाली शीट. वर्तमानपत्र पसरा, घरची बादली त्यावर उपडी करा आणि चिमट्याने तिच्यातलंच निवडायला लावा. पोस्टरवर चार खण: ओला, सुका, गुंडाळून द्यायचा, आणि जपून द्यायचा. चौथ्यात बॅटरी, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं. पातं आणि काच जाड कागदात बांधून, वर लिहून. सुक्यात काय विकलं जातं हे मुलाला कळत नसेल तर पुण्यात १९९३ साली उभ्या राहिलेल्या कचरावेचकांच्या संघटनेचं नाव सांगा: कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. यादी नावातच आहे. वेफर्सचं चकचकीत पाकीट त्यात नाही, कारण त्याचे थर सुटे होत नाहीत आणि ते सहसा कोणी विकत घेत नाही. हेही पोरांना कळू दे.

रंग तेलखडूचे वापरा, स्केचपेन पहिल्या पावसात ओघळतं. शाळेतून परत आलं की पोस्टर जिन्यात बादल्यांच्या बरोबर वर लावा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला. गुंडाळलेली पुडी चित्रात काढायला पोराला लाज वाटत नाही, लाज तुम्हाला वाटते. वाटू द्या.

आणि दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा, हे किती वेळा सांगायचं? सकाळची ती निळी टिकली आत्ता ओल्या बादलीत, चोथ्याच्या खाली आहे. काढा ती. तुमच्या हाताने.