मायकोची वाट अडवणाऱ्यांना

संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास जपानमधील क्योतोच्या गियोन भागातील हानामिकोजी रस्त्यावर जे चालते त्याला पर्यटन म्हणणे मला मान्य नाही. तो सरळसरळ पाठलाग आहे. सोळा-सतरा वर्षांची मायको, म्हणजे गेशा होण्यासाठी अजून शिकत असलेली नर्तिका, पाहुण्यांसमोर जिथे नाचते त्या चहागृहात ठरलेल्या वेळेला पोहोचण्यासाठी झपाझप निघालेली असते आणि दहा-पंधरा माणसे दोन्ही बाजूंनी तिला घेरून तोंडासमोर मोबाइल धरतात. पायांत ओकोबो या उंच लाकडी खडावा आणि पाठीवर घोट्यापर्यंत लोंबणारा, पाच मीटरहून लांब ओबी, म्हणजे किमोनोवरचा कमरपट्टा, असल्यामुळे तिला पळता येत नाही, आणि कामावर निघालेली असल्यामुळे कोणाला चार शब्द सुनावताही येत नाहीत. बाह्या ओढल्या गेल्याच्या, किमोनो फाटल्याच्या तक्रारी झाल्या आहेत, तरीही लाज कोणालाच नाही.

नोकरीनिमित्त मी याच शहरात राहतो, आणि त्या घोळक्यातून "अगं, ती बघ, गेली, पळ लवकर!" अशी आरोळी शुद्ध मराठीत ऐकू येते तेव्हा माझे डोके फिरते. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत 'गेशा दर्शन' असा तासच छापलेला मी पाहिला आहे. एखाद्या मुलीचा कामावर जाण्याचा रस्ता हे प्रेक्षणीय स्थळ कोणी ठरवले?

स्थानिक रहिवाशांनी 2019 मध्ये खासगी गल्ल्यांत फलक लावून, परवानगीशिवाय छायाचित्रे काढल्यास 10,000 येन द्यावे लागतील असे बजावले. उपयोग झाला नाही, लोक त्या फलकाशेजारी उभे राहूनच छायाचित्रे काढत राहिले, आणि अखेर 2024 मध्ये या गल्ल्या पर्यटकांसाठी बंद कराव्या लागल्या. स्वतःच्या दारासमोर अशी बंदी घालण्याची वेळ ज्यांच्यावर आली, त्यांनाच वर उर्मट म्हणणारेही मला भेटले आहेत.

खरा संताप याचा की मायकोला नाचताना पाहण्याची सोय दीडशे वर्षांपासून आहे. सम्राटाचे वास्तव्य 1869 मध्ये टोकियोला हलल्यावर क्योतो ओस पडू लागले; त्यात पुन्हा जीव यावा म्हणून 1872 च्या प्रदर्शनाच्या निमित्ताने गियोन कोबू या गेशांच्या वस्तीत 'मियाको ओदोरी' हे नृत्यप्रयोग सुरू झाले आणि त्याची नृत्यरचना इनोउए याचियो हे नाव पिढीजात चालवणाऱ्या नृत्यघराण्यातील तिसऱ्या याचियो यांनी केली. आजही एप्रिलमध्ये "मियाको ओदोरी वा" ही पुकार होते, "योइ यासा" असे उत्तर देत नर्तिका दोन्ही बाजूंच्या हानामिचीवरून, म्हणजे प्रेक्षकांमधून जाणाऱ्या वाटेवरून, रंगमंचाकडे येतात, आणि मध्ये एकदाही पडदा न पाडता सुमारे तासाभरात चारही ऋतू डोळ्यांसमोरून जातात. पोंतोचोचे कामोगावा ओदोरी, कामिशिचिकेनचे कितानो ओदोरी, मियागावाचोचे क्यो ओदोरी, शिवाय नोव्हेंबरात गियोन हिगाशीचे नृत्य, असे गेशांच्या पाचही वस्त्यांचे स्वतंत्र प्रयोग होतात. चहागृहात ओळखीशिवाय प्रवेश नसतो हे खरे, पण या प्रयोगांचे तिकीट कोणीही काढू शकतो. ते काढायचे नाही आणि रस्त्यात मात्र तिच्या अंगावर धावून जायचे!

त्यावर कडी म्हणजे डोळे मिचकावून विचारला जाणारा तो प्रश्न, की "नंतर रात्री काय असते?" नृत्य, शामिसेन हे तीन तारांचे वाद्य, गायन, चहाविधी यांचे वर्षानुवर्षे शिक्षण घेणाऱ्या, विंचरलेला केशसंभार मोडू नये म्हणून उंच उशीवर मान टेकून झोपणाऱ्या या मुलींविषयी तो विचारताना जीभ कशी झडत नाही? संगीतबारीतल्या लावणी कलावंतांना हेच प्रश्न आणि हीच नजर पिढ्यान्‌पिढ्या सोसावी लागली, हे मराठी माणसाला तरी ठाऊक असायला हवे होते.

एप्रिलमध्ये गट घेऊन येणाऱ्या आयोजकांनी तो निर्लज्ज तास पत्रिकेतून काढून टाकावा आणि त्याऐवजी तिकिटे आगाऊ काढावीत; मियाको ओदोरीचे रोज एकाहून अधिक प्रयोग असतात, तेव्हा वेळ जुळत नाही ही सबब मला कोणी सांगू नये.